एकरी दोन टन: बर्गंडीच्या द्राक्षबागांत एक दिवस

आमच्या घरात द्राक्षं पिकतात, पण दारू उंबरा ओलांडत नाही. अण्णा माळकरी. निफाडजवळ थॉमसन जातीच्या द्राक्षांची चार एकर बाग. त्यामुळे फ्रान्सला गेल्यावर वाइन टूर करणार हे त्यांना सांगताना मी ‘तिकडच्या बागा बघायला चाललोय’ एवढंच म्हटलं. तसं ते खोटंही नव्हतं.

बुकिंगमध्येच आधी फजिती झाली. स्वस्त म्हणून घेतलेली सहल ‘पुरेशी माणसं जमली नाहीत’ म्हणून तीन दिवस आधी रद्द झाली. पैसे परत मिळाले, पण ऐन जूनमध्ये दुसरी मिळवताना माणशी चाळीस युरो जास्त गेले. दोघंच असाल तर किती माणसं जमल्यावर गाडी निघते ते आधीच विचारा. आणि वाइन चाखण्याचे पैसे भाड्यात धरलेत की वाइनच्या तळघरात गेल्यावर वेगळे मोजायचे, तेही.

पॅरिसहून बर्गंडीतल्या दिजाँ शहराला वेगवान गाडीनं पावणेदोन तासही लागत नाहीत. आदल्या रात्रीच जाऊन राहिलो. सकाळी नऊला आठ जणांची छोटी व्हॅन निघाली. चालवणारी आणि सांगणारी एकच बाई, पन्नाशीची, दोन्ही आजोबा बागेत राबलेले. ती दिवसभर एक थेंब पिणार नव्हती.

दिजाँच्या दक्षिणेला डोंगराची एक लांब उतरण आहे, पूर्वेकडे तोंड केलेली. सगळा खेळ तिच्यावर. अगदी वर माती पातळ, खाली सपाटीला भारी चिकणमाती आणि पाणी धरणारी. चुनखडीची, निचऱ्याची मधली पट्टी सगळ्यात मोलाची. त्या पट्टीतही वावरागणिक वेगळं नाव. त्याला ‘क्लिमा’ म्हणतात. असे १,२४७ क्लिमा मोजले गेलेत आणि २०१५ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेले. वाटेच्या अलीकडच्या वाइनची बाटली तीस युरोला आणि पलीकडची तीनशेला, असं ती सांगत होती. आमच्या गावातही ‘वरची पट्टी’ आणि ‘चोपण’ असतंच, पण व्यापारी भाव पेटीला देतो, वावराच्या नावाला नाही.

व्हॅनमधून उतरल्यावर मी आधी वेलींजवळ गेले. मांडव नाही. गुडघा-कंबरेएवढ्या वेली, तारेवर बांधलेल्या, मीटरभर अंतरावर. हेक्टरी दहा हजार. आमच्याकडे एकरी हजार. ठिबक कुठंच दिसेना. विचारलं तर कळलं, इथं पाणी देत नाहीत, पावसावरच. छाटणी हिवाळ्यात, एकदाच. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन करतो म्हटल्यावर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वेलीला छळते.

फुलोरा नुकताच संपत होता. पानांवर निळसर डाग. मी बोट लावून बघितलं. मोरचूद! डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी अण्णा मारतात तोच बोर्डो, मोरचूद आणि चुना. नाव बोर्दो शहराचं हे शाळेत असताना माहीत नव्हतं, आम्हाला ते ‘बोर्डो’ नावाचं औषधच वाटायचं. आणि बुंध्याशी कलमाची गाठ. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं मुळं खाऊन फ्रान्सच्या बागा उजाड केल्या, तेव्हापासून अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलम करतात. आमच्याकडे डॉगरिज खुंट असतो, तोही अमेरिकन. मी गाठीचे चार फोटो काढले. बाकीचे सहा जण तोवर रोमाने-काँती या बागेच्या दगडी क्रुसापाशी उभे होते. ती बाग जेमतेम १.८ हेक्टर, आणि बाटली लाखो रुपयांच्या घरात. कठड्याआत जाऊ नका अशी पाटी आहे. म्हणजे तिथं करण्यासारखं काहीच नाही, फक्त बघायचं.

पहिलं तळघर जव्हरे-शांबेर्तां गावात. बाहेर कडक ऊन, आत जूनमध्येही शाल हवीशी वाटेल असा गारवा. २२८ लिटरची ओक लाकडाची पिंपं. इथं आधी लाल आणि मग पांढरी चाखायची पद्धत आहे, मी उलटं ऐकलं होतं. सहा वाइन, प्रत्येकी दोन घोट. थुंकायला भांडं ठेवलेलं, पण तोंडात घेतलेलं थुंकायचं म्हणजे अन्नाचा अपमान, असं लहानपणापासून भिनलेलं. मी सगळं गिळलं. अकरा वाजता, पोटात फक्त एक क्रोसाँ. पुढच्या अर्ध्या तासातलं नवऱ्यानं नंतर सांगितलं. दुसऱ्या तळघरात मी मान खाली घालून, निमूटपणे, थुंकले. चव तेव्हाच कळायला लागली. एकाच घरचे, एकाच सालचे, एकाच पिनो नुआर द्राक्षाचे दोन पेले. एक मऊ, दुसरा तुरट आणि तोंडात रेंगाळणारा. मधे फक्त उतारावरची शंभर पावलं.

जेवणाआधी क्लो द वूजो पाहिलं. सिस्टर्शियन साधूंनी भिंत घालून सांभाळलेली पन्नास हेक्टरची बाग. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ती सरकारजमा होऊन विकली गेली, पुढं वाटण्या होत गेल्या. आज मालक ऐंशीच्या आसपास. कुणाला काही ओळी, कुणाला त्याहून कमी. मधे बांध नाही, कुंपण नाही. जो तो आपल्या ओळी जाणतो.

दुपारी बोन गावात जेवलो, १४४३ साली स्थापन झालेल्या दवाखान्याचं रंगीत कौलांचं छप्पर पाहिलं. ते सुंदर आहे, पण मला आता झोप येत होती. संध्याकाळी सहाला दिजाँ.

प्रत्येक तळघरात ‘घेतलंच पाहिजे असं नाही’ म्हणतात, पण मालक स्वतः ओतत असतो, तेव्हा हात रिकामा काढवत नाही. आम्ही दोन बाटल्या घेतल्या, गावाच्या नावाच्या, साध्या. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही. जीन्समध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकल्या.

रात्री अण्णांना फोन केला. पहिला प्रश्न, “एकरी किती निघतं?”

“उत्तम बागेत दोन टनांच्या आसपास.”

“दोन? तेवढं तर आपण विरळणीत काढून टाकतो.”

मग मी त्यांना बर्गंडीच्या ड्यूक फिलिपची गोष्ट सांगितली. त्यानं १३९५ मध्ये भरघोस पिकणारा गामे वाण उपटून टाकायचा हुकूम काढला, कारण भरघोस पिकतो म्हणूनच तो वाईट. अण्णा बराच वेळ गप्प.

“आणि ते भिंतीतलं वावर म्हणालीस, तिथं किती खातेदार?”

“ऐंशी.”

“बांध नाही म्हणतेस?”

“नाही अण्णा, फोटो पाठवलाय.”

“फोटोत काही कळत नाही. कोपऱ्यात खुणेचा दगड असंल, नीट बघ.”

एक बाटली पुण्यात मित्रांबरोबर संपली. दुसरी पाच वर्षं आडवी ठेवायला सांगितलीय. पुण्याच्या मे महिन्यात थंड जागा एकच, फ्रिजचा भाजीचा कप्पा. परवा अण्णा आले होते, त्यांनी ती कोथिंबिरीखालून काढून वाचून बघितली आणि पुन्हा कोथिंबिरीखालीच ठेवली.