कंट्रोलच्या पोंग्यात

अळीने कुरतडलेल्या मक्याच्या रोपातून कोणते गंध सुटतात, हे मोजण्याचे काम मी काही वर्षे करत होते. आदल्या संध्याकाळी निम्म्या रोपांवर आर्मीवर्मच्या अळ्या सोडायच्या, उरलेली रोपे कंट्रोल म्हणून अळीविना ठेवायची, आणि सकाळी प्रत्येक रोप काचेच्या बरणीत बंद करून त्यावरून फिरलेल्या हवेतले गंधरेणू गॅस क्रोमॅटोग्राफ या, रेणू वेगवेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर तपासायचे, असा तो क्रम असे.

त्या दिवशी एका कंट्रोल रोपाच्या आलेखात लिनालूल आणि फार्नेसीन या, अळी लागलेल्या मक्यातून सुटणाऱ्या टर्पीन गटातल्या गंधरेणूंची ठसठशीत शिखरे दिसली. पहिला संशय मी स्वतःवरच घेतला, कारण बरणीत घालताना त्या रोपाचे एक पान माझ्या हातून चुरगळले होते. पण चुरगळलेल्या पानातून लगेच सुटतो तो कापलेल्या गवतासारखा हिरवा वास; ही टर्पीने रोपाला बऱ्याच अंशी नव्याने तयार करावी लागतात आणि त्यात काही तास जातात. शिवाय नुसती जखम त्यासाठी पुरी पडत नाही. अळीच्या तोंडातला स्राव जखमेला लागला की मका टर्पीने भरघोस सोडतो आणि त्या वासावर अळीच्या अंगात अंडी घालणारी परोपजीवी गांधीलमाशी येते, हे टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी 1990 मध्ये दाखवले होते. त्या स्रावातला व्होलिसिटिन हा रेणू 1997 मध्ये ओळखला गेला.

मग यंत्रावर संशय घेतला. रिकाम्या बरणीची हवा तपासली, ती स्वच्छ निघाली. शेजारच्या रोपांचा गंध लागला असावा, हा तर्क मला अधिक पटला, जरी असा गंध लागलेले रोप बहुधा पुढच्या हल्ल्यासाठी सज्ज होते, स्वतः एवढा गाजावाजा करत नाही. तरीही नोंदवहीत मी तेच कारण लिहून टाकले. (ते पान मी अजून फाडलेले नाही.)

दुपारी तेच रोप विंड टनेलमध्ये, म्हणजे एका दिशेने वारा सोडलेल्या बोगद्यात ठेवून कोटेशिया या अशाच परोपजीवी गांधीलमाशीची एक मादी सोडली. इवलीशी, काळपट माशी. ती वाऱ्याविरुद्ध हेलकावे घेत थेट रोपावर उतरली, मिशांनी पान ठोकत पोंग्यापर्यंत, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांपर्यंत चालत गेली आणि आत शिरली. माशी फसली, असे मी मोठ्याने म्हणाले. ती बाहेर आल्यावर चिमट्याने पोंगा उलगडला, तेव्हा गुंडाळलेल्या पानाच्या तळाशी ओलसर विष्ठेचे कण आणि त्यांच्यामागे जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची हिरवट अळी सापडली. शेजारच्या कुंडीतून रात्री कधीतरी ती इकडे सरकली असावी.

आकडेवारीतून ते रोप वगळले आणि नोंदवहीतले कारण खोडले. अळी मात्र एका डबीत वाढवली. आठव्या दिवशी तिच्या शेजारी पांढरा कोष विणलेला दिसला.