ऐक आणि खरं सांग

पेस्ट कंट्रोलवाले ओट्याखाली फवारून गेले आणि जाताना ‘दोन तास आत फिरकू नका’ म्हणाले, म्हणून मी माळ्यावरून काढलेली ट्रंक घेऊन बाल्कनीत बसलो. ट्रंकेत नेहमीचंच सगळं. लग्नपत्रिका, एका बंद पडलेल्या इस्त्रीची वॉरंटी, आणि तळाशी माझी सतारीच्या क्लासची शंभर पानी वही. यमन, भूप, काफी, सगळ्या गती, म्हणजे सतारीवर वाजवायच्या बांधीव रचना, गुरुजींनी सांगितलेल्या. मध्येच एका पानावर मात्र वर ठळक अक्षरांत ‘राग यमन, ताल त्रिताल, रचना: स्वतः’. ‘स्वतः’खाली दोन रेघा. खाली सोळा रकाने, समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, फुली, टाळी नसलेल्या ‘खाली’च्या मात्रेला शून्य, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. सगळं शिस्तीत. आणि तिसऱ्या ओळीच्या समासात लाल पेन्सिलीनं काढलेलं एक प्रश्नचिन्ह.

बस्स, तेवढंच. ‘छान’ नाही, ‘प्रयत्न चांगला’ नाही.

क्लास मिरजेत होता, सतारमेकरांच्या एका दुकानाच्या माडीवर. जिना दुकानातूनच वर जायचा. पंढरपूरकडून आलेले भोपळे वाळून खडखडीत होऊन आढ्याला टांगलेले असायचे. उंच माणूस असेल तर त्याचं डोकं आपटून ठक्क आवाज व्हायचा आणि दुकानातले सतार बनवणारे चाचा वर न बघता ‘सा’ म्हणायचे. हे चाचा दिवसचे दिवस जवारी काढत बसलेले असत. तारा ज्यावर टेकतात त्या हाडाच्या घोडीवर कानशीचा एक घासा, मग तार चढवायची, टुंग करून मान तिरकी करून ऐकायची, तार उतरवायची, पुन्हा एक घासा. तार घोडीवर नुसती टेकून चालत नाही, किंचित घासत गेली पाहिजे, तर तो सतारीचा झणकार उमटतो. घासा कमी पडला तर आवाज मुका, जास्त झाला तर फिस्कटतो, आणि गेलेलं हाड परत येत नाही. म्हणून मारायचा एक घासा आणि ऐकायचं दहादा. आम्ही पोरं तिथे उभी राहून कंटाळायचो. ‘चाचा, झालं की आता,’ असं एकदा कुणीतरी म्हणालं. ‘तुमास्नी झालं, तिला नाई झालं,’ चाचा म्हणाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा पेपरात भोपळ्यांचे फोटो आले होते. तिरक्या मानेचा एकही नव्हता.

तर ती गत. मी ती माडीवर वाजवून दाखवली. गुरुजी ऐकून म्हणाले, ‘पुन्हा.’ पुन्हा वाजवली. ‘पुन्हा.’ तिसऱ्या खेपेला ते खिडकीबाहेर बघत होते, मला वाटलं आता यांचं लक्ष नाही. मग म्हणाले, ‘तिसऱ्या ओळीत तुला कुणी खालनं हाक मारली काय रे?’

मारली होती. वाजवताना नव्हे, घरी रचताना. मिरज जंक्शनवर तेव्हा लहान, मध्यम, मोठे असे तिन्ही रूळ होते आणि गाड्या बघायला जाणं हा आमचा संध्याकाळचा कार्यक्रम होता. खाली सायकलच्या घंटा वाजायला लागल्या आणि उरलेल्या सोळा मात्रा मी ‘दिर दिर दिर दिर’नं भरून टाकल्या. ‘दिर’ म्हणजे तारेवर दोन झटपट आघात, ‘दा’ म्हणजे एकच; बोट टेकायला एक ‘दा’ ठेवला नाही. हे गुरुजींना त्या स्वरांतनं ऐकू आलं. त्यांनी पेन्सिल घेतली, ते चिन्ह काढलं, म्हणाले, ‘बघ त्याचं काय करायचं ते,’ आणि पुढच्या मुलाला सतार जुळवायला सांगितली.

आता जाणवतं ते असं की त्या गतीत चुकीचं बरंच होतं. मसीतखानी, म्हणजे संथ लयीची, गत बाराव्या मात्रेपासून निघते हे त्यांनीच आम्हाला घोटून शिकवलं होतं, आणि माझी सरळ समेपासून सुरू झालेली. यमनात आरोहाला षड्ज टाळून ‘नि रे ग’ म्हणत जाण्याची जी लकब आहे तिचा पत्ता नाही. त्यांनी त्यातलं एक अक्षर उच्चारलं नाही. दहा चुका एकदम सांगितल्या असत्या तर मी सतार कोपऱ्यात ठेवून जंक्शनवरच राहायला गेलो असतो.

पुढे मी त्या ओळीचं काय केलं? आठवत नाही. वहीत तर खाडाखोड दिसत नाही.

नुसत्या वाद्यावरची, शब्द नसलेली रचना कुणी आपल्याला ऐकवली की आपली जी तारांबळ होते ती बघण्यासारखी असते. गाणं असेल तर निदान ‘शब्द सुंदर आहेत’ म्हणून सुटता येतं. इथे ती सोय नाही. पहिलं मिनिट आपण ‘गाणं कधी सुरू होणार’ याची वाट बघतो. दुसऱ्या मिनिटाला हे असंच चालणार आहे हे लक्षात येतं. तिसऱ्या मिनिटाला चेहऱ्यावर काय ठेवायचं हा प्रश्न पडतो. आणि संपल्यावर तोंडातून जे बाहेर पडतं ते वाक्य ठरलेलं आहे: ‘हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय.’

या वाक्यावर माझा जुना राग आहे. ज्यानं रचलं त्याचा चेहरा त्या क्षणी बघा. आणि ‘कुठे ऐकलं’ म्हणून विचारलं तर सांगता येत नाही, नुसतं डोकं खाजवतात, ‘जुनं काहीतरी होतं, दूरदर्शनवर लागायचं.’ अहो, भूपात स्वर आहेत पाच. सा रे ग प ध. त्या पाचांत एवढी माणसं एवढी वर्षं फिरताहेत, कुणाचा तरी धक्का कुणाला तरी लागणारच. गंमत म्हणजे तेच पाच स्वर देसकारात. गंधारावर रेंगाळलात तर संध्याकाळचा भूप, धैवताला मोठेपणा दिलात तर सकाळचा देसकार. यावरून आठवलं, दुसरी जमात या भूप-देसकारवाल्यांची. पोरानं बिचाऱ्यानं कीबोर्डवर काळ्या पट्ट्या दाबून काहीतरी गोड केलंय, त्याला रागाचं नावही ठाऊक नाही, आणि हे सोफ्यावरून सुनावतात, ‘तुझा भूप देसकाराकडे झुकतोय.’ झुकेना! त्यानं कुठे भूपाची हमी दिली होती?

मैफलीत आपण पटाईत असतो. समोर माणूस आहे, त्यानं एखादी जागा घेतली की तिथल्या तिथे ‘क्या बात है’ जातं, त्यालाही कळतं नेमकं काय पोचलं. अर्थात समेच्या आधीच मान टाकून मोकळे होणारेही असतात. सवाईला माझ्या पुढच्या रांगेत दरवर्षी एक तरी बसतोच. पण नेमकी आणि रोख दाद बघायची तर गणपतीत बेंजो पार्टीच्या मागे चालावं. ट्रॉलीवर बुलबुल तरंग, कीबोर्ड, पॅड, खाली पोरं. एखादा नवा पीस टाकला आणि पाय थंडावले, तर बेंजोवाला दोन आवर्तनांत ओळखतो आणि दुसऱ्या चालीवर जातो. तोंडानं कुणी काही बोलत नाही. विसर्जनापर्यंत त्या नव्या पिसाचं काय राहिलं, काय गेलं, याचा निकाल रस्त्यानंच लावलेला असतो.

मोबाइलवर आलेल्या रचनेला ना पाय असतात ना मान. आहे तो अंगठा.

माझा भाचा नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. रात्री दोनला लॅपटॉपवर संगीत करतो आणि सकाळी घराण्याच्या ग्रुपवर टाकतो. मावशी हात जोडते, काका फुलं पाठवतात, एक वहिनी ‘प्राउड ऑफ यू’ लिहिते; तिनं फाइल उघडलीही नसेल असा मला दाट संशय आहे. मग तो मला वेगळा मेसेज करतो. ‘मामा, ऐक आणि खरं सांग.’

हे ‘खरं सांग’ फार अवघड काम आहे. कारण रात्री दोनला जे आपल्याला सुचलेलं असतं ते दुपारी दोनपर्यंत तरी अजून ओलं असतं.

मी माझ्यापुरती पद्धत ठरवली आहे. रचना एकदा इअरफोन लावून ऐकायची आणि एकदा फोन ओट्यावर ठेवून, कारण जग ती तशीच ऐकणार आहे आणि फोनच्या टिचभर स्पीकरमधून खर्जातलं काही बाहेर येत नाही. पोरानं सगळी मेहनत बेसवर घेतलेली असते आणि ओट्यावर नुसती टाळ्या-झांजांची चिवचिव ऐकू येते. पहिल्यांदा ऐकताना कागदावर काही लिहायचं नाही. दुसऱ्यांदा मिनिट-सेकंद लिहायचे. ‘मधे जरा रेंगाळलंय’ याला काही अर्थ नाही. ‘१ मिनिट ४० सेकंदापासून मला पुढे काय येणार ते कळत होतं’ हे त्याला उघडून बघता येतं. आणि जे आवडलं तेही सेकंदासकट सांगायचं, नाहीतर तो पुढच्या वेळी नेमकं तेच कापून टाकतो.

या वेळची रचना त्रितालात होती. वर लांबच लांब बासरी. खाली तबल्याचा लूप, आणि त्याच्या खाली बेसची धडधड अखंड. काहीतरी खटकत होतं. सम येत होती पण येऊन बसत नव्हती. दोनदा आवर्तन मोजल्यावर सापडलं. त्रितालाच्या ठेक्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत, ‘तिं तिं ता ता’ला, डग्गा गप्प असतो. तबलजी तिथे डावा हात उचलतो, तळ रिकामा होतो, आणि चौदाव्या मात्रेला डग्गा परत आला की मग सम घरी आल्यासारखी वाटते. भाच्यानं ते रिकामं घर बेसनं भरून टाकलेलं. शिवाय डग्गा आणि बेस दोघंही एकाच तळमजल्यावर राहणारे, त्यामुळे एकाचंही धड ऐकू येईना. मी त्याला लिहिलं, ‘दहा ते तेरा बेस बंद ठेवून एकदा ऐक. नाही आवडलं तर परत चालू कर.’

आणि दुसरं एक विचारलं. ‘५२ सेकंदापासून बासरी सुरू होते ती जवळजवळ अर्धा मिनिट तुटत नाही. तुझा बासरीवाला श्वास कधी घेतो?’

हा प्रश्न मला स्वतःला फार आवडला होता. हे सांगायला हरकत नाही.

उत्तर तासाभरानं आलं. ‘मामा, ती बासरी नाहीये. सिंथ आहे. त्याला श्वास कशाला?’

मी लिहिलं, मग आवाज बासरीचा का दिलास. तो म्हणाला, मी नाही दिला, तुला तसा वाटला. मी म्हणालो, मला तसा वाटला म्हणूनच माझा जीव गुदमरला. त्यानं हसणारा चेहरा टाकला. मग फोन केला आणि आम्ही पाऊण तास भांडलो. त्याचं म्हणणं, यंत्राला माणसाच्या मर्यादा का घालायच्या. म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. हार्मोनियमला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं तिला दारात उभं केलं नव्हतं, आणि इकडे महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवाले तिच्यातून जे काढायचं ते काढून बसले होते. आणि खुद्द त्या आकाशवाणीची सकाळची ती धून? व्हायोलिन आणि तानपुरा, शब्द एकही नाही. रचली वॉल्टर कॉफमन यांनी; नाझींच्या धास्तीनं युरोप सोडून मुंबईत आलेला माणूस. शिवरंजनीचे स्वर, पण तो काही मिरजेच्या माडीवर शिकला नव्हता. तेव्हाही कुणीतरी त्याला सांगितलं असेल, की हे असं नसतं. असो, भाच्याला मी हे सगळं ऐकवलं नाही. त्याच्याच बाजूचं होतं.

पण ऐकणाऱ्याला छाती असते, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. सूर लांबला की आपण नकळत त्याच्याबरोबर दम धरतो. वाजवणारा यंत्र असो की माणूस.

चार दिवसांनी नवी फाइल आली. दहा ते तेरा बेस बंद होता. सम छान बसली होती, अगदी ओट्यावरसुद्धा. बासरी, म्हणजे ती जी काय आहे ती, होती तशीच अखंड. पण रचना अर्ध्या मिनिटानं आखूड झाली होती. शेवटी जो तोच तुकडा हळूहळू विरत जायचा, तो साफ गेला होता आणि त्या जागी एक सरळ तिहाई, एकच बोल तीनदा घेऊन धाडकन समेवर. मला तो विरणारा शेवट बरा वाटला होता. त्याबद्दल मी काही बोललोही नव्हतो.

बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, ‘मीच म्हटलं त्याला. संपलंय ते तुला कळलंय ना, मग संपव की. दारात उभं राहून अर्धा तास बोलणाऱ्या बायकांसारखं काय ते.’

तिनं आयुष्यात पेटीवर बोट ठेवलेलं नाही. मी तिला म्हटलं, तिहाई चांगली बसली आहे.

‘तिहाई म्हणजे काय?’ ती म्हणाली, आणि मग भाचीच्या साखरपुड्याच्या हॉलचं बोलायला लागली. हॉलवाला डिपॉझिट परत द्यायला तयार नाही म्हणे.