आज ट्रॅक्टरचा आवाज नीट ऐकला

सकाळपासून मांजरी गावच्या रोपवाटिकेत शेणखत हलवत होतो. आमचा छोटा ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक. म्हणजे गिअरची खटखट नाही; पंप तेल ढकलतो, त्यावर मोटर फिरते आणि चाकं चालतात. मोकळा असला की बारीक गुणगुणतो. पण लोडर, म्हणजे पुढचं खत उचलायचं खोरं, ढिगाऱ्यात घुसवला की असा किंचाळायचा, काळजात धस्स व्हायचं. महिनाभर वाटत होतं, पंप गेला.

आज मेकॅनिकदादा आले. बोनेटही न उघडता म्हणाले, "भाऊ, हाय रेंजमध्ये कशाला घुसताय?" लो रेंज टाकली, म्हणजे वेग कमी पण जोर जास्त, इंजिनचे आरपीएम (फेरे) वाढवले, पेडल हलकंच दाबलं. ढिगारा तोच, ट्रॅक्टर तोच, किंचाळणं बंद! पेडल जास्त दाबलं की जोर नाही, वेग वाढतो. ओझं झेपलं नाही की तेलाचा दाब चढतो, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तोच तो आवाज. इतके दिवस हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी तेलाचा फिल्टर काढून दाखवला. काळाकुट्ट, बोटाला चिकटणारा. तो तुंबला की पंपाला तेल पुरत नाही आणि साधं चालतानाही घरघर येते. तेल दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. जीव भांड्यात पडला.

उद्या हडपसरहून नवा फिल्टर आणतोय. तोवर लोडर काढून ठेवलाय.