कॉर्डरॉयची वाकळ : आमची वाटचाल

कॉर्डरॉयवर वरून खाली हात फिरवला तर कापड मऊ लागतं आणि जरा फिकट दिसतं. खालून वर फिरवला की लव हाताला अडते आणि तोच रंग गडद होतो. एवढी साधी गोष्ट आम्हाला पहिली मोठी ऑर्डर परत आल्यावर कळली.

2014 साली वाईत, घराच्या पडवीत एका पायमशीनवर मी काम सुरू केलं. शिवणक्लास झालेला होता आणि घरात आत्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. पुण्याकडे गोधडी म्हणतात तिला आमच्याकडे वाकळ म्हणतात, आणि आत्यांच्या हातची वाकळ गल्लीत प्रत्येक बाळंतिणीच्या घरी गेलेली. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, कडेने धावदोरा सुरू करायचा आणि फिरत फिरत मध्यापर्यंत आणायचा, ही त्यांची पद्धत.

कॉर्डरॉय आलं ते पुण्याच्या रविवार पेठेतून, किलोवर मिळणाऱ्या कटपीसच्या गठ्ठ्यात. पाचगणी-महाबळेश्वरची थंडी जवळच. वाटलं, वरचा थर याचा केला तर ऊबही येईल आणि दिसेलही छान. पाचगणीतल्या एका निवासाची 20 वाकळींची ऑर्डर मिळाली. कापड वाचवायचं म्हणून आम्ही ठिगळं आडवी-उभी, जशी बसतील तशी कापली. खोलीत उजेड पडला आणि एकाच तपकिरी ताग्याचे दोन रंग दिसायला लागले. पहिल्या धुण्यात कॉर्डरॉय आटलं. खालची जुनी सुती साडी आधीच शेकडो वेळा धुतलेली, ती काही आटली नाही. सगळीकडे फुगे आले. वीसच्या वीस वाकळी परत आल्या.

ते दोन महिने मी विसरणार नाही. आत्या रोज दुपारी बसून टाके उसवायच्या आणि दोरा रिळाला गुंडाळून ठेवायच्या. त्यांनीच पहिल्यांदा म्हटलं, ‘‘अगं, हे कापड लुगड्यासारखं नाही वागत. त्याचं ऐकून घे.’’

मग आम्ही ते कापड नीट समजून घेतलं. कॉर्डरॉय विणताना आडव्या धाग्यांचे लांब सैल टाके वर ठेवतात. नंतर ते पात्यांनी कापतात आणि ब्रशने उभे करतात, त्यातून या लवेच्या रेघा तयार होतात. म्हणून कापलेल्या कडेची लव झडत राहते आणि मशीनच्या दात्यांखाली भुसा साचतो. रोज संध्याकाळी पट्टी काढून ब्रश मारल्याशिवाय आमच्याकडे मशीन झाकत नाहीत. (गिऱ्हाइकं विचारतात म्हणून सांगते, ‘कॉर्डरॉय’ हा शब्द ‘राजाची दोरी’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावावरून आला ही गोष्ट खरी नाही. जर्मनीत मात्र या कापडाला मँचेस्टर असंही म्हणतात. महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणजे आपलं इचलकरंजी, त्यामुळे मला हे नाव जवळचं वाटतं.)

आता कापड आलं की आधी धुवायचं, मगच कापायचं. प्रत्येक ठिगळाच्या उलट बाजूला खडूने बाण काढायचा. वाकळीत लव डोक्याकडून पायाकडे ठेवतो, म्हणजे पांघरताना हात सरळ फिरतो. एकाच दिशेने कापायचं म्हणजे कापड जास्त लागतं, ते आम्ही किमतीत धरतो. इंचाला 8 रेघांचं जाड कापड पिशव्यांना आणि उशांच्या अभ्र्यांना, 14-16 रेघांचं वाकळीला, 21 रेघांचं बारीक कापड बाळाच्या दुपट्याला. लवेवर लव ठेवली की दोन तुकडे एकमेकांवरून सरकतात, म्हणून आधी कच्चा टाका, मग मशीन. सुई 16 नंबरची, टाका 3 ते साडेतीन मिलिमीटर. इस्त्री उलट बाजूने आणि खाली टर्किश टॉवेल. सरळ बाजूने दाबली की लव कायमची बसते.

सगळ्यात मोठा बदल आत्यांनी केला. गोल फिरणारा धावदोरा दोन बाजूंनी रेघांना आडवा जायचा आणि तिथे टाके उठून दिसायचे. त्यांनी आयुष्यभराची पद्धत सोडली आणि दोरा दोन रेघांमधल्या खाचेतून सरळ पायापर्यंत नेला. टाका खाचेत लपतो, झिजत नाही. आज आमच्याकडे नऊजणी काम करतात आणि सगळ्या याच पद्धतीने भरतात.

एका वाकळीला घरचं सांभाळून एका बाईचे वीसेक दिवस जातात. ‘मशीनवर मारून स्वस्तात द्या’ असं बरेचजण सांगतात. ठिगळं मशीनवर जोडतो, पण धावदोरा हातानेच. त्या मजुरीत मी घासाघीस करत नाही आणि करूही देत नाही.

सध्या मशीनवर एका ताईंच्या वडिलांच्या सहा कॉर्डरॉय पँटी आहेत. गुडघ्यांवरची लव पार झिजलेली. ते तुकडे वगळू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘तेच मधे लावा.’’ एका पँटीची लव वर जाते, बाकी पाचांची खाली. ती एक पँट उलटी करून बसवायची का, यावर काल दुपारी आम्ही तासभर बोलत होतो. शेवटी आत्यांनी तिच्यावर खडूचा बाण काढला, पायाकडे.