अक्षरांच्या तक्त्यावर न दिसणारे नुकसान

दृष्टिक्षेत्राची तपासणी करणे हे माझे रोजचे काम आहे. फिटच्या औषधांमुळे माझ्याकडे पाठवलेल्या रुग्णांपैकी बरेच जण खुर्चीवर बसताबसता विचारतात, ‘मला तर सगळे स्वच्छ दिसते, मग ही तपासणी कशासाठी?’ प्रश्न रास्त आहे. विगाबॅट्रिन घेणाऱ्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर असे की, या औषधाने होणारे नुकसान दृष्टीच्या कडेकडून सुरू होते आणि मधली दृष्टी बराच काळ शाबूत राहते; त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचणाऱ्या माणसाचेही दोन्ही बाजूंचे दिसणे कमी झालेले असू शकते. घाण्याच्या बैलाला झापडे लावावीत तसे हे आकुंचन असते, फरक इतकाच की ही झापडे पुन्हा काढता येत नाहीत.

मेंदूतील पेशींना शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) विगाबॅट्रिन निकामी करते, त्यामुळे गाबाची पातळी वाढते आणि झटके आवरतात. हे औषध ब्रिटनमध्ये 1989 साली आले, आणि तीन रुग्णांच्या दृष्टिक्षेत्रातील गंभीर घट ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवली गेली ती 1997 साली. मला या आठ वर्षांचे नवल वाटत नाही, कारण ज्याला त्रास जाणवत नाही तो तक्रार कशाची करणार? अमेरिकेने 2009 साली परवानगी दिली तेव्हा ठळक इशारा आणि देखरेखीच्या अटी घातल्या. तिथल्या माहितीपत्रकानुसार 30 टक्के किंवा त्याहून अधिक रुग्णांत असे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणून औषध सुरू केल्यापासून चार आठवड्यांच्या आत पहिली तपासणी, उपचार चालू असेपर्यंत किमान दर तीन महिन्यांनी पुढची आणि औषध बंद केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी आणखी एक तपासणी करावी, असे त्यात म्हटले आहे.

इतका धोका असताना हे औषध द्यायचेच कशाला, असे आई-वडील विचारतात तेव्हा मला आधी त्यांच्या बाळाच्या आजाराबद्दल बोलावे लागते. इन्फंटाइल स्पॅझममध्ये काही महिन्यांचे बाळ एकामागून एक झटक्यांत सलाम केल्यासारखे पुढे वाकते; घरच्यांना वाटते की पोटात वायू धरला असेल किंवा बाळ दचकत असेल, आणि मोलाचे दिवस निघून जातात. हे झटके आवरले नाहीत तर बाळाचा बौद्धिक विकास खुंटण्याची भीती असते. ट्यूबरस स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार, असलेल्या बाळांमध्ये तर या झटक्यांवर विगाबॅट्रिन हीच बहुधा पहिली निवड असते. माझ्या मते ही निवड अवघड असली तरी अविचारी नाही, मात्र तिला मुदत हवी: बाळांमध्ये दोन ते चार आठवड्यांत ठळक फायदा दिसला नाही तर औषध बंद करावे, असा संकेत आहे. बंद करण्याचा निर्णय मेंदुविकारतज्ज्ञांनीच घ्यायचा आणि मात्राही त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवायची, कारण एकदम थांबवल्यास झटके उसळू शकतात.

तान्ह्या बाळाची तपासणी हा वेगळाच प्रश्न आहे. मोठा माणूस यंत्रात पाहून ठिपका दिसताच बटण दाबतो. बाळाकडून ते होणे नाही. त्याच्या बाबतीत दृष्टिपटलाचा विद्युत आलेख, म्हणजे ईआरजी, काढता येतो, पण त्यासाठी अनेकदा झोपेचे औषध द्यावे लागते आणि ही सोय सगळीकडे नसते. ओसीटीने, म्हणजे प्रकाशाने दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र घेणाऱ्या तपासणीने, तिथल्या मज्जातंतूंच्या थराची जाडी मोजता येते, तीही थोडा वेळ नजर स्थिर ठेवणाऱ्या मुलाचीच. आणखी एक गोष्ट मी पालकांना स्पष्टच सांगतो: तपासणी नुकसान टाळत नाही, ते फक्त उघड करते, तेही बऱ्याचदा घडून गेल्यावर. तिचा उपयोग इतकाच की औषध पुढे चालू ठेवायचे की नाही, हे माहिती हाती असताना ठरवता येते. त्यासाठी जुने आलेख शेजारी ठेवून पाहावे लागतात, म्हणून प्रत्येक वेळचे कागद घरच्या फायलीत असलेले बरे. रुग्णालय बदलले की ते मागवत बसण्यात महिने जातात.

टोपिरामेट या फिटच्याच दुसऱ्या औषधाची तऱ्हा विगाबॅट्रिनच्या अगदी उलट आहे. ते फिटप्रमाणेच अर्धशिशीवरही दिले जाते, आणि क्वचित काही जणांना, बहुधा पहिल्या महिन्याभरात, दोन्ही डोळ्यांत वेदना, लाली आणि अचानक लांबचे धूसर दिसणे असा त्रास होतो. डोळ्यातील द्रवाचा निचरा अडून दाब वाढतो. वेळीच ओळखून, औषध देणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ते थांबवले तर दृष्टी बहुधा पूर्ववत होते. नेहमीच्या अचानक उद्भवणाऱ्या काचबिंदूत बुबुळाला लेसरने छिद्र पाडतात, पण इथे त्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी तातडीच्या विभागात पोहोचताच डोळ्यांच्या डॉक्टरांना टोपिरामेट चालू असल्याचे सांगावे आणि गोळ्यांचे पाकीट दाखवावे. अर्धशिशीच्या गोळीचा डोळ्यांशी काय संबंध, असे वाटून रुग्ण ते सांगतच नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.