गोसेलची आलेक्झांडरवोल मंडळी : कॅन्ससमधील एक प्रवास

कॅन्सस राज्यातील गोसेल हे गाव बहुतेक प्रवाशांना गव्हामुळे ठाऊक असते. ‘टर्की रेड’ हा हिवाळी गहू दक्षिण रशियातून, म्हणजे आजच्या युक्रेनमधून, आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी येथे रुजवला, आपल्या रब्बीप्रमाणे तो शरद ऋतूत पेरून जूनमध्ये कापला जाऊ लागला आणि त्यातून कॅन्सस हे अमेरिकेचे गव्हाचे कोठार झाले, ही कथा तेथील प्रत्येक फलकावर वाचायला मिळते. ती खोटी नाही. परंतु गव्हाच्या पाठीमागे जी आलेक्झांडरवोल मंडळी, म्हणजे एका चर्चचा सभासद-समुदाय, उभी आहे तिचा इतिहास मला अधिक विलक्षण वाटला. एक संपूर्ण ग्रामीण ख्रिस्ती मंडळी आपले वडील (म्हणजे धर्मप्रमुख), आपली कुटुंबे आणि आपली नोंदवही घेऊन दोनदा देश बदलते, ही गोष्ट सहसा घडत नाही.

या मंडळीचे मूळ पोलंडमध्ये विस्तुला नदीकाठी, श्व्येचे नगराजवळच्या प्शेखुव्को या खेड्यात आहे. सोळाव्या शतकातील मेन्नो सिमन्स यांच्या शिकवणुकीप्रमाणे बाप्तिस्मा प्रौढपणी घ्यावा आणि शस्त्र कधीही हाती धरू नये, असे मानणारे हे लोक होते आणि त्यांचे नाते नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या ‘जुन्या फ्लेमिश’ या मेनोनाइट शाखेशी होते. प्रशियाच्या राजवटीत सैन्यसेवा नाकारणाऱ्यांवर जमीनखरेदीची बंधने आली, तेव्हा 1820 साली यांतील अनेक कुटुंबे धर्मप्रमुख पेटर वेडेल यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण रशियातील मोलोचना या मेनोनाइट वसाहतीकडे निघाली. वाटेत झार पहिला आलेक्झांडर भेटला आणि त्याने त्यांना शुभेच्छा दिल्या, म्हणून नव्या गावाचे नाव आलेक्झांडरवोल ठेवले, असे मंडळीच्या परंपरेत सांगितले जाते. ते गाव आज युक्रेनच्या झापोरिझ्झिया प्रांतात आहे. युद्धामुळे तेथे जाण्याचा विचार तूर्त कोणी करू नये.

पन्नास वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. 1870च्या दशकाच्या आरंभी रशियाने सक्तीची सैन्यसेवा सर्वांना लागू करण्याचे ठरवले आणि मेनोनाइटांची जुनी सवलत संपुष्टात येण्याची चिन्हे दिसू लागली. 1873 साली बारा प्रतिनिधी जमीन पाहण्यासाठी उत्तर अमेरिकेत आले. त्यांत आलेक्झांडरवोलचे याकोब बुलर होते. पुढच्याच वर्षी कॅन्ससच्या विधिमंडळाने धार्मिक कारणास्तव सैन्यसेवा नाकारणाऱ्यांना राज्याच्या मिलिशियातून, म्हणजे नागरिकांच्या राखीव सैन्यातून, सूट दिली. सांता फे रेल्वेला आपल्या मार्गालगतची जमीन विकायची होती आणि त्यासाठी तिने सी. बी. श्मिट हा जर्मन बोलणारा अधिकारी नेमलेला होता. तेव्हा यामागे केवळ श्रद्धा होती असे मानणे भोळेपणाचे ठरेल. सौदाही दोन्ही बाजूंनी नीट पारखून झाला होता.

1874च्या उन्हाळ्यात जवळजवळ सगळी मंडळी, सुमारे 800 माणसे, हॅम्बुर्गहून ‘सिंब्रिया’ आणि ‘ट्युटोनिया’ या दोन जहाजांनी न्यूयॉर्कला निघाली. पहिल्या गटाचे प्रमुख बुलर होते, तर दुसऱ्याचे डीट्रिख गेडर्ट. त्याच उन्हाळ्यात टोळधाडीने कॅन्ससची शेते फस्त केली होती, तरीही हे लोक मागे फिरले नाहीत. गेडर्ट यांच्या गटाने पश्चिमेला होफनुंग्साउ ही वेगळी मंडळी स्थापली आणि बुलर यांचा गट गोसेल परिसरात स्थिरावला. पहिल्या हिवाळ्यासाठी रेल्वेने 18 फूट रुंद आणि 200 फूट लांब अशा लाकडी चाळी बांधून दिल्या होत्या आणि त्यांत प्रत्येक कुटुंबाला एकेक खण मिळाला होता.

तेथे जायचे तर विचिटाच्या विमानतळावरून मोटार भाड्याने घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, कारण गोसेलपर्यंत सार्वजनिक वाहन नाही. महामार्ग 135ने उत्तरेस न्यूटन गाठावे आणि तेथून कॅन्सस 15 या रस्त्याने साधारण 22 किलोमीटर पुढे जावे. अ‍ॅमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वेची ‘साउथवेस्ट चीफ’ गाडी न्यूटनला थांबते. मात्र वेळापत्रकानुसार ती मध्यरात्रीनंतर येते, म्हणून मुक्काम आधीच ठरवलेला बरा. वसंत ऋतूत वादळांचे इशारे पाहूनच निघावे. पीक उभे असलेले पाहायचे असेल तर मेअखेर ते जूनमध्यापर्यंतचा काळ उत्तम. त्यानंतर ऊन असह्य होते.

आधी गावातील मेनोनाइट वारसा व कृषी संग्रहालय पाहावे आणि मगच उपासनामंदिराकडे वळावे. संग्रहालयात रेल्वेने बांधलेल्या त्या चाळीचा नमुना आहे आणि अरुंद खणात उभे राहिल्यावर पहिला हिवाळा कसा गेला असेल याची कल्पना येते. जुनी शाळा, घर आणि खळेही आवारात आहेत. स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेच्या 1976च्या प्रदर्शनासाठी गव्हाच्या काड्यांनी विणलेली ‘लिबर्टी बेल’ची, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्याचे प्रतीक असलेल्या घंटेची, प्रतिकृती सर्वांत जास्त गर्दी खेचते, मला मात्र ती कौतुकापेक्षा कारागिरी म्हणूनच लक्षात राहिली. संग्रहालयाच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून फोन करूनच जावे.

उपासनामंदिर गावाच्या उत्तरेस एक-दीड किलोमीटरवर, रस्त्यालगतच आहे. मूळ इमारत 1886ची असून 1928 साली तिचा मोठा विस्तार झाला, त्यामुळे आज दिसणारे रूप बरेचसे त्या विस्ताराचे आहे. बाहेरून शिखर किंवा नक्षीचा थाट नाही. ही जिवंत मंडळी आहे, स्मारक नव्हे. म्हणून रविवारी उपासनेला बसावे आणि छायाचित्रे नंतर विचारून घ्यावीत. उपासना आता इंग्रजीत होते. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणाऱ्यांविषयी कॅन्ससमध्ये संशय वाढला आणि सक्तीच्या भरतीतून आलेल्या मेनोनाइट तरुणांना कॅन्ससमधील कॅम्प फन्स्टन या लष्करी तळावर गणवेश नाकारल्याबद्दल छळ सोसावा लागला. ज्या सवलतीसाठी समुद्र ओलांडला तीच येथे तपासली गेली. त्यानंतरच्या दशकांत जर्मन हळूहळू मागे पडली.

जेवणात ‘वेरेनिके’ म्हणजे मैद्याच्या पारीत ओले चीज भरून उकडलेला पदार्थ मिळतो. त्यावरच्या दाट रश्श्यात डुकराचे मांस असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी तो वेगळा मागवावा.

ज्यांना इतिहासात खोल शिरायचे आहे त्यांनी नॉर्थ न्यूटनच्या बेथेल महाविद्यालयातील मेनोनाइट ग्रंथालय व अभिलेखागाराला आधी कळवून भेट द्यावी. शेजारचे कॉफमन संग्रहालयही चांगले आहे. हे महाविद्यालय पूर्वी ज्या जनरल कॉन्फरन्स या मेनोनाइट शाखेचे होते, तिचे पहिले मिशनरी 1900 साली मुंबईत उतरले आणि पुढे आजच्या छत्तीसगडमधील चांपा व जांजगीर येथे स्थिरावले. हावडा-मुंबई मार्गावरचे चांपा स्थानक नागपूरकरांच्या परिचयाचे आहे, त्यामुळे तेथील मिशनच्या कुष्ठरुग्णालयाच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी अभिलेखागारासाठी एक जादा दिवस राखून ठेवावा.