दिसत नाही, पण ऐकू येतं

अडतिसाव्या वर्षी दातांना तारा लावायच्या म्हटल्यावर सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आता कोण बघायला येणारंय तुला?" माझा वरचा एक सुळा बाहेर आलेला, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. त्या सांदीत ब्रश पोचायचा नाही, हिरडीतून रक्त यायचं. हे झालं सांगायचं कारण. दिसण्याचं कारणही होतंच. सांगलीत हायस्कूलला मराठी शिकवते मी, दिवसभर पोरं माझ्या तोंडाकडेच बघत असतात.

मिरजेच्या ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दात सरकायला वय आड येत नाही, हिरड्या आणि हाड धड पाहिजे. त्यामुळे आधी दात साफ करून घेतले, ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे काढला, मग पर्यायांची चर्चा. दाताच्या रंगाच्या सिरॅमिक क्लिपा चांगल्या, पण तार धरून ठेवणारी पारदर्शक रबरं हळदीने पिवळी होतात. सांगलीत राहायचं आणि हळद टाळायची! अलाइनर, म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, दिवसाला वीस-बावीस तास तोंडात हवेत, चहाला काढायचे. आमच्या स्टाफरूमचा चहा बघता ते जमणारं नव्हतं. राहिल्या लिंग्वल, म्हणजे दातांच्या मागून, जिभेच्या बाजूने लावायच्या क्लिपा. १९७०च्या दशकात जपानचे डॉ. किन्या फुजिता आणि अमेरिकेचे डॉ. क्रेव्हन कर्झ यांनी आपापल्या परीने ही पद्धत विकसित केली.

खर्च ऐकून मी गप्पच बसले. मग मॅडमनीच मधला मार्ग सुचवला: वरचे दात आतून, खालचे बाहेरून साध्या स्टीलच्या क्लिपांनी. बोलताना खालचे दात ओठाआड राहतात, खर्च उतरतो आणि जिभेला निदान खालून तरी टोचत नाही. मला हे पटलं.

दाताची मागची बाजू प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून तोंडाचं स्कॅनिंग करून माझ्या मापाच्या क्लिपा लॅबमधून बनून आल्या. त्या एका साच्यात बसवलेल्या होत्या, साचा दातांवर दाबून सगळ्या एकदम चिकटवल्या. तारेचा आकार मात्र गमतीशीर, अळंबीच्या छत्रीसारखा, कारण सुळ्याच्या मागचे दात जाड असतात आणि तिथे तार एकदम आत वळवावी लागते.

पहिले काही दिवस जीभ सोलवटली. टोचणाऱ्या क्लिपेवर मेणाची गोळी दाबायची, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या. त्यापेक्षा त्रास खाण्याचा. तोंड मिटलं की खालचे पुढचे दात वरच्या क्लिपांवर टेकायचे आणि दाढा एकमेकींना भेटायच्याच नाहीत. चपाती चावणार कशी? गुरगुट्या भात, दुधात कुस्करलेली भाकरी. भडंगाला तर तारा निघेपर्यंत रामराम. पुढे दात सरकले तशा दाढा टेकू लागल्या.

पण खरी परीक्षा वर्गात. त, थ, द, न, ल म्हणताना जीभ जिथे टेकते, नेमकं तिथेच धातू! ट-ठ-ड ठीक यायचे, ते टाळूवरचे. 'स'ला शिट्टी वाजायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, सर्दी झालीय का?" तारा कुणालाच दिसल्या नव्हत्या, ऐकू मात्र सगळ्यांना आल्या होत्या. रोज संध्याकाळी ओट्याशी उभी राहून पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायला लागले. हळूहळू जिभेने नवी जागा शोधली. आता फोनवर कुणाला कळत नाही, फक्त दमले की 'स' घसरतो.

लिंग्वल लावायच्या विचारात असाल तर दोन गोष्टी. मॅडमना आरशात बघून उलटं काम करावं लागतं, त्यामुळे दर भेटीला वेळ जास्त जातो. मागे दुसरं काम ठेवू नका. आणि बोलण्यावर पोट असेल तर मोठ्या सुट्टीच्या सुरुवातीलाच बसवून घ्या.

माझा सुळा आता रांगेत आलाय. तारा निघाल्यावर दात परत फिरू नयेत म्हणून मागून एक बारीक तार चिकटवणार आहेत. ती किती वर्षं ठेवायची विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "राहील तितकी राहू द्या."